टाच

वॉर्ड कसा चालतो ते बघायचं असेल तर पेशंटच्या टाचा बघाव्यात, असं माझी आत्या म्हणायची.

ती साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. 1964 साली लागली आणि 1999 साली इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या क्वार्टरवर राहायला जायचे. तिची दुपारपाळी असली की ती मला बरोबर न्यायची आणि बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवायची. तिथून ती मला दिसत राहायची. पाळीचा चार्ज घेतला की ती एकेका खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची, पांघरूण वर करायची आणि त्या बाईच्या दोन्ही टाचा ओंजळीत घ्यायची. मग पुढची खाट. सगळ्या वॉर्डाच्या टाचा बघून झाल्यावरच ती टेबलापाशी जाऊन वही उघडायची.

"तोंड काय, भेटीच्या वेळेआधी कुणीही पुसून ठेवतं," ती सांगायची. "टाचेकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तिथं कळतं."

त्यामागचं शास्त्र तिनं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. पडून असलेल्या माणसाचं वजन थोड्याच जागांवर येतं: माकडहाड, खुबा, कोपर, टाच. खाली गादी, वर हाड, आणि मधे दबलेली कातडी. तिथं रक्त पोचत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर आधी डाग येतो, मग फोड, मग जखम, आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला. "आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही," ती म्हणायची, "म्हणून डोळ्यांनी बघायचं नाही, हातानं बघायचं. ती जागा गरम लागते किंवा टणक लागते." एवढं सांगून ती माझी टाच दाबून दाखवायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

दोन वर्षांपूर्वी, आषाढात, ती माझ्याच घरी न्हाणीघरात पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण दवाखान्यातून परत आली ती आत्या निराळी होती. विसर पडायला आधीच सुरुवात झाली होती: गॅसवर दूध, एकच प्रश्न चारदा, पेन्शनच्या पासबुकाची शोधाशोध. आता तिला दिवस आणि रात्र यांतला फरक कळेना. रात्री दोन वाजता ती ड्युटीवर जायला निघायची. मी थांबवलं की रागवायची, कारण तिच्या जिवावर तीस खाटांचा वॉर्ड उभा असायचा आणि मी दार अडवून बसलेली असायचे.

आमच्या डॉक्टरांनी मला सहा गोष्टी विचारल्या. आंघोळ स्वतः करतात का? कपडे घालतात का? शौचाला जाऊ शकतात का? पलंगावरून खुर्चीत येतात का? लघवी-शौचावर ताबा आहे का? घास स्वतःच्या हातानं तोंडात घालतात का? सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1963 साली मांडलेली ही मोजपट्टी आजही जगभर वापरतात. माणसाला किती आधार लागतो हे त्या सहा उत्तरांवरून ठरतं. आत्याला तेव्हा त्यातली शेवटची एकच गोष्ट येत होती.

अकरा महिने आम्ही घरी केलं. ब्युरोतून मावश्या आल्या. काही चांगल्या होत्या, पण त्यांनाही त्यांची घरं होती, आजारी सासवा होत्या, गावाकडच्या जत्रा होत्या. अकरा महिन्यांत नऊ जणी बदलल्या. दर नव्या चेहऱ्याला आत्या नव्यानं घाबरायची. मग एका रात्री मावशी आलेली नव्हती, नवरा नाशिकला गेला होता, आणि आत्याला उचलताना मी तिच्यासकट खाली बसले. लागलं कुणालाच नाही. पण मला तिला उठवता येईना. मुलगी बंगळुरात, शेजारचं दार कुलूपबंद. साडेपाचला दूधवाला येईपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून फरशीवर बसून होतो. ती माझा हात हातात घेऊन नाडी मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "घाबरलीयस तू." त्या रात्री मला कळलं की हे एकटीनं पेलण्यासारखं राहिलेलं नाही. माझी माया आटली नव्हती, पण मायेला दोनच हात होते.

नातलगांना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुठं ठेवणार?"

हे क्रियापद मला फार दिवस टोचत राहिलं. दागिने लॉकरमध्ये ठेवतात, धान्य कणगीत ठेवतात. माणूस ठेवला म्हटलं की तो वस्तू झाला आणि ठेवणारा त्याच्यापासून मोकळा झाला, असा अर्थ आपोआप लागतो. पण मराठीत आणखीही काही ठेवतात. शब्द ठेवतात, मान ठेवतात, जाण ठेवतात. आणि लक्ष ठेवतात. मी ठरवलं, आत्याला कुठं ठेवायचं हे मला या शेवटच्या ठेवण्यातूनच शोधायचं आहे.

शोध सुरू झाला तेव्हा पहिला घोळ नावांचाच होता. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय, जिथं बाळंतपणं होतात, अपेंडिक्स काढतात. त्यांची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते. वृद्धाश्रम म्हणजे ज्यांचं चालतंफिरतं आहे अशांसाठी. पुण्यात त्याची परंपरा जुनी आहे. डेव्हिड ससूनच्या दानातून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली संस्था नव्या पेठेत 'निवारा' या नावानं अजूनही उभी आहे. पण आत्यासारख्या माणसाला यांतलं काहीच चालत नाही. तिला रुग्णालयाची गरज नाही, कारण बरं होण्यासारखं काही नाही. आश्रमाची गरज नाही, कारण ती स्वतःचं काहीच करू शकत नाही. तिला शुश्रूषा हवी आहे, रोज, पुढे कितीही वर्षं. गेल्या काही वर्षांत या मधल्या जागेत केअर सेंटरं निघाली. सिंहगड रस्त्याला, आळंदीकडे, वाघोलीला, तळेगावात बंगल्यांवर पाट्या दिसतात. त्यांच्या आत काय चालतं हे पाटीवरून कळत नाही.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानं फोनवर विचारलं, "तारे किती आहेत?" अमेरिकेत 2008 पासून सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय आढळलं, माणसांमागे परिचारिका किती, आणि तिथल्या रहिवाशांची प्रकृती कशी, या तीन गोष्टी त्यात मोजतात. किती जणांना बेडसोर झाले हाही आकडा त्यात असतो. म्हणजे आत्याची टाच तिथं हिशेबात आली आहे. हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. सरकारनं दिलेल्या ताऱ्यांची अशी यादी आपल्याकडे नाही. भाऊ मग म्हणाला, "लोकांचे अभिप्राय वाच." मी वाचले. ते सगळे मुलांनी, सुनांनी लिहिलेले होते. ज्यांना तिथं रात्र काढायची होती, त्यातल्या एकाचाही शब्द त्यात नव्हता.

म्हणून मी आत्याचीच वही उघडली. खरीखुरी वही नव्हे, तिनं मला वीस-बावीस सुट्ट्यांत शिकवलेलं सगळं.

पहिल्या जागेत फरशी चकचकीत होती, दारात माशांची टाकी होती आणि स्वागताला एक तरुण मुलगी. तिनं मला टॅबवर छायाचित्रं दाखवली: गणपतीची आरास, फुगे लावलेला वाढदिवस, योगासनं. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर जाऊन बघू का? ती म्हणाली, "रहिवाशांची प्रायव्हसी असते ना ताई." ते मला पटलं. मी विचारलं, भरती झाल्यावर तरी कधी येता येईल? "रविवारी चार ते सहा. आधी फोन करून." आत्या म्हणायची, भेटीची वेळ रुग्णाच्या विश्रांतीसाठी असते. आठवड्यातून दोनच तास दार उघडत असेल, तर उरलेल्या एकशे सहासष्ट तासांत आत काय चालतं हे विचारायलाच हवं. मी तिथून जड मनानं निघाले, कारण जागा खरंच सुंदर होती आणि मला निवडून मोकळं व्हायचं होतं.

दुसरी जागा म्हणजे एक जुना बंगला. हॉलमध्ये आणि दोन खोल्यांत मिळून चौदा खाटा. मालकीणबाई मनानं चांगल्या होत्या, स्वतःच्या सासूचं करता करता त्यांनी हे सुरू केलं होतं. फिनेलचा वास इतका उग्र होता की डोळ्यांत पाणी आलं. आत्या सांगायची, स्वच्छ वॉर्डाला वास नसतो. लघवीचा वास आला तर काम झालेलं नाही, आणि फिनेलचा भपकारा आला तर काम झाकलेलं आहे. मी पाण्याचे पेले बघितले. ते सगळे भिंतीतल्या फडताळावर ओळीनं मांडलेले होते, नीट झाकलेले. पडल्या पडल्या हात पोचेल असा एकही नव्हता. सकाळची आंघोळ किती वाजता, असं विचारलं तर म्हणाल्या, "चारला सुरू करतो, तेव्हा कुठं नाश्त्यापर्यंत सगळ्यांचं उरकतं." चौदा जणांमागे दोन मावश्या होत्या. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं, माणसं कमी होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांचं उजवं मनगट मऊ ओढणीनं खाटेच्या दांडीला बांधलेलं होतं. "नळी ओढतात हो," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि मध्येच उठून पडतात." त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. मी पायथ्याशी जाऊन विचारलं, "बघू का?" आणि आजोबांच्या अंगावरचं पांघरूण थोडं वर केलं. डाव्या टाचेला पट्टी होती. तिच्यावर तारीख नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. ते आजोबा डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांचं मनगट बांधणाऱ्या मावशीही हलेनात. रात्री एका माणसावर चौदा जीव टाकले, तर तीही काय करणार? बांधणं आणि गुंगीचं औषध देणं हे दोन्ही कमी मनुष्यबळाचे उपाय आहेत. म्हणून पुढच्या प्रत्येक ठिकाणी मी एक प्रश्न आधी विचारायला लागले: रात्री किती जण जागे असतात? किती जण राहतात असं नाही, जागे किती? आणि दुसरा प्रश्न: शांत राहायचं औषध कुणाला, कुणाच्या सांगण्यावरून आणि किती दिवस देता?

तिसरी जागा एका विश्वस्त संस्थेची होती. मोठं आवार, कडुनिंबाची झाडं, सावलीत बसून भाजी निवडणाऱ्या बायका. तिथल्या व्यवस्थापकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आम्ही घेऊ शकणार नाही. आमच्याकडे चालत्याफिरत्यांची सोय आहे. तुमच्या आत्याबाईंना जे लागतं ते आम्हाला जमत नाही. घेतलं तर त्यांचे हाल होतील." मी त्यांच्यासमोर रडले. पण आज मागे वळून बघताना वाटतं, त्या सगळ्या फिरण्यात मला मिळालेली ही पहिली भरवशाची गोष्ट होती. आपल्याला काय जमत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याच्या 'जमेल'ला किंमत असते.

त्यांनीच मला ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनचा क्रमांक दिला आणि 2007 च्या कायद्याचं पुस्तक वाचायला सांगितलं. तो आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा. दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांची सोय असलेलं एक तरी घर राज्य सरकार उभारू शकेल, असं त्यात म्हटलं आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मी त्यात स्वतःला शोधत होते. आत्याला मूलबाळ नाही. मूलबाळ नसलेल्या माणसाचा 'नातेवाईक' कोण, तर त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याच्याकडे ती वारशानं जाईल असा वारस, असं कायदा सांगतो. कायद्यानं कुठून तरी सुरुवात करायला हवी हे मला समजतं. पण आत्याकडून मला जे मिळालं त्याचा वारसा कुठल्याच दाखल्यात मावत नाही. तिच्या पगारातून माझं कॉलेज झालं. तापात माझ्या कपाळावर तिनं ठेवलेल्या घड्या मला अजून आठवतात. मी तिची नातेवाईक आहे ती त्या घड्यांमुळे.

चौथ्या जागेत मी न कळवता गेले, संध्याकाळी सातला. हेही आत्याचंच. विसराळूपणाच्या आजारात दिवेलागण वाईट असते. उजेड सरला की जीव कासावीस होतो, घरी जायचं असतं, कुणीतरी वाट बघत असतं. दिवसा कुठलीही जागा चांगली दिसते. त्या वेळी तिथं एक बाई फाटकाशी उभ्या राहून रडत होत्या, "माझा मुलगा शाळेतून यायचाय." त्यांच्याबरोबर एक मावशी उभी होती. ती त्यांना आत ओढत नव्हती, मुलगा मोठा झालाय हेही सांगत नव्हती. "नाव काय त्याचं? डब्याला काय दिलंत?" असं विचारत होती. पाच-सात मिनिटांनी दोघी बटाट्याच्या भाजीबद्दल बोलत आत गेल्या.

मी तिथं दोन तास थांबले. दिवे सगळे लागले होते, अंधारा कोपरा नव्हता. जेवताना प्रत्येकाला ताठ बसवलं होतं. भरवणारी मुलगी समोर बसून, घास गिळल्याची खात्री करून मग पुढचा देत होती. जेवण झाल्यावर कुणालाही लगेच आडवं केलं नाही, कारण तसं केलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. मी नखं बघितली, कापलेली होती. तोंडात कवळी असलेल्यांच्या कवळ्या रात्री कुठं ठेवता विचारलं, तर नावं घातलेल्या डब्या दाखवल्या. इतकं झाल्यावर मी मावशींशी बोलले. किती वर्षं इथं? एक सहा वर्षं, एक चार. सुट्टी? आठवड्याची एक. जेवण? "आजी-आजोबांचं होतं तेच." पगार महिन्याच्या महिन्याला. हे सगळं मी विचारलं कारण आत्यानं ते सोसलेलं होतं. ज्या पाळीला बदली माणूस येत नसे, त्या पाळीत तिच्यासारख्या चांगल्या परिचारिकेचेही हात कठोर व्हायचे, आणि ते तिला नंतर बोचत राहायचं. रुग्णाला उचलणाऱ्या हातांचे हाल असतील, तर ते हात मायेनं उचलणार नाहीत.

मग मी तिथल्या मुख्य सिस्टरना भेटले. साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या, अनुभवी. मी पाठ केलेल्या सहा गोष्टी त्यांना सांगितल्या, आत्याला काय काय येत नाही ते. त्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "आणि त्या करायच्या काय?"

इतक्या ठिकाणी फिरले, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. "मग आम्ही त्यांना आजी नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "सिस्टर म्हणू."

महिन्याचे बत्तीस हजार, डायपर आणि औषधं वेगळी, तीन महिन्यांचं डिपॉझिट. आत्याच्या पेन्शनमध्ये बरंचसं भागत होतं, थोडं मला घालावं लागणार होतं. हे लिहिताना ज्यांच्या आत्यांना पेन्शन नाही त्यांची मला सतत आठवण आहे. शेतावर, घरकामात, दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला शेवटी टाच दाबून बघणाऱ्या हाताचीही सोय नसावी, हे आपल्या समाजाला शोभत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस साठीच्या पुढचा होता. आता तो आकडा आणखी वाढलेला असणार, आणि या माणसांची शुश्रूषा ज्याच्या त्याच्या खिशावर सोडून भागणार नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. ती जेवेना. मी रोज जायचे आणि परतताना गाडीत बसून राहायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला एक जुनी वही आणि पेन्सिल दिली. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती चाकाच्या खुर्चीत बसून शेजारच्या खाटेवरच्या चादरीचा कोपरा दुमडत होती, तिरका, घट्ट, सरकारी रुग्णालयात दुमडतात तसा. स्वतःचं नाव तिला आठवत नव्हतं. पण हातांना तो कोपरा आठवत होता.

मला वाटलं होतं, निवड झाली, परीक्षा संपली. अडीच महिन्यांनी, मंगळवारी सकाळी साडेसातला फोन आला. मुख्य सिस्टरच बोलत होत्या. "ताई, तुमच्या सिस्टरांच्या उजव्या टाचेवर डाग दिसलाय. दाबल्यावर पांढरा पडत नाही. रात्री एक मावशी आजारी होती, कूस बदलायला उशीर झाला. चूक आमची आहे. टाच उशीवर अधांतरी ठेवलीय, हवेची गादी लावलीय, डॉक्टर अकराला येतायत. तुम्ही याल का?"

मी गेले तेव्हा माझा राग अनावर होता. एवढं सगळं तपासून, टाचा बघून निवडलेली जागा, आणि टाचच. पण फोन ठेवल्यापासून तिथं पोचेपर्यंतच्या चाळीस मिनिटांत एक गोष्ट मनात रुतत गेली. हे मला त्यांनी सांगितलं होतं. मी बघायच्या आधी, स्वतःहून, कारणासकट. डाग फोड होण्याआधी. आत्याच्या वॉर्डातही डाग आले असतील, आलेच असणार. पस्तीस वर्षांत एकदाही कूस चुकली नाही असा वॉर्ड जगात नाही. ती रोज टाचा बघायची ते डाग येणार हे तिला माहीत होतं म्हणूनच.

शोधताना मी जिथं चूक होत नाही अशी जागा धुंडाळत होते. तशी जागा कुठंच नाही, माझं घरही तसं नव्हतं. जिथं चूक लवकर दिसते, दिसली की लिहिली जाते, आणि लिहिली की घरच्यांना सांगितली जाते, तेवढी जागा मिळाली तर पुष्कळ मिळालं. आणि ती जागा तशी राहायची असेल, तर येणारं-जाणारं कुणीतरी हवं. माझं जाणं हे भेटणं आहेच, पण ते त्या जागेच्या कामाचाही एक भाग आहे. दुपारी येऊन बसणारा मुलगा, डबा घेऊन येणारी सून, शेजारच्या खाटेचंही पांघरूण सारखं करणारी कुणाची नात, यांच्यामुळे जागा जागी राहते. ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांचीही टाच त्या येण्याजाण्यात बघितली जाते. म्हणून मी आता आठवड्यातून तीनदा जाते, ठरलेल्या वेळी कधीच नाही, आणि ओळीतल्या सहा खाटांच्या पायथ्याशी थांबते. तिथं आता मला सगळे ओळखतात, कुणी अडवत नाही.

आत्याचा डाग बारा दिवसांत गेला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला करायचा होता. बँकेचे अधिकारी तिथं येऊन तिचा अंगठा घेऊन गेले. कागदावर ती हयात आहे हे पुन्हा एका वर्षासाठी नक्की झालं. ते गेल्यावर मी नेहमीसारखं तिच्या पायथ्याशी उभी राहिले, पांघरूण वर केलं, दोन्ही टाचा ओंजळीत घेतल्या. कोमट, मऊ. उजव्या टाचेवर अजून किंचित गडद खूण आहे, ती राहील. मी अंगठ्यानं दाबली, सोडली.

ती बघत होती. बराच वेळ तिनं मला न्याहाळलं. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पण मी काय करतेय हे तिला ठाऊक होतं. पाळी संपताना नव्या मुलींशी ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात तिनं विचारलं, "वहीत लिहिलंस?"

मी म्हटलं, "लिहिते, सिस्टर."

"लिहिलं नाही तर केलं नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

उशाशी ठेवलेल्या तिच्या वहीत मी तारीख घातली, वेळ घातली. संध्याकाळचे सहा वीस. उजवी टाच: कोमट, खूण जुनी, टणक नाही. डावी टाच: स्वच्छ. खाली सही केली, आणि पुढच्या खाटेकडे गेले.